नाही म्हणायचा पर्याय

ज्या उन्हाळ्यात सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या उन्हाळ्यात मी एका राज्याची दिवाण होते. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. सिडकोतल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात मी भाजी निवडायची, धुणं वाळत घालायची, नळाला पाणी यायच्या दिवशी ड्रम भरायची आणि मधल्या वेळात ओट्याला टेकून सरहद्दीवर फौज पाठवायची.

खेळ फोनवरचा होता. त्यात चित्रं नव्हती, गोळीबार नव्हता, गाड्या पळत नव्हत्या. नुसता मजकूर. एक परिच्छेद वाचायचा, त्याच्या खाली तीन-चार पर्याय असायचे, त्यातला एक दाबायचा. आपण जो दाबू त्याप्रमाणं गोष्ट पुढं सरकायची. कैरीच्या लोणच्याचा व्हिडिओ बघताना मध्येच त्याची जाहिरात आली होती. तुमचं नशीब तुमच्या हातात, असं तिच्यात लिहिलं होतं. माझ्या हातात तेव्हा मोहरीची डाळ होती. तरी मी हात पुसले आणि खेळ डाउनलोड करून घेतला.

आधी मी गुप्तहेर झाले, मग जहाजाची कप्तान आणि मग दिवाण. फार भली दिवाण नव्हते. राजाच्या ताटात केस निघाला म्हणून मी मुदपाकखान्यातल्या म्हाताऱ्या आचाऱ्याला हद्दपार केलं. दया दाखवायचा पर्याय तिथंच खाली होता, मी तो वाचलाही होता. पण हद्दपारीवर बोट ठेवलं आणि मला फार बरं वाटलं. ज्या बाईला संध्याकाळी कुठली भाजी करायची हेसुद्धा विचारून करावं लागतं, तिच्या हाती राज्य दिलं की ती काय करते, हे मला त्या दिवशी कळलं.

भाजी सासरे ठरवायचे. त्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्याकडची तीच रीत. मामा निवृत्त मुख्याध्यापक. फुलंब्री तालुक्यातल्या शाळांमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते शहरात आमच्याकडं राहायला आले आणि शाळा सोबत घेऊन आले. सकाळी सातला चहा, साडेसातला पेपर, पेपर वाचून झाला की घरातल्या प्रत्येकाच्या कालच्या चुका. नवरा वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर आहे. हाताखाली तीस माणसं आहेत, पण त्याला घरातलं काहीही विचारलं की तो म्हणतो, "दादांना विचार." एकदा आम्ही दोघंच त्याच्या चपला घ्यायला गेलो होतो. काळ्या घेऊ की चॉकलेटी, हे त्यानं दुकानातून फोन करून वडिलांना विचारलं होतं.

मी मराठीत एम. ए. आहे. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा जवळच्याच एका शाळेत मला शिकवायचं काम मिळत होतं. मामांनी मला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं की तुझ्यासमोर दोन रस्ते आहेत. एक, घर नीट सांभाळायचं. दोन, नोकरी करायची आणि घराचं वाटोळं होताना बघायचं. घाई नाही, विचार करून सांग. मी विचार करून सांगितलं. त्यानंतर पाहुणे आले की ते हमखास म्हणायचे, "आम्ही सुनेवर काही लादलं नाही. निवड तिची होती."

तर मामांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं तीन आठवड्यांनी होणार होतं आणि नवा चष्मा त्यानंतर महिन्यानं. जुन्या चष्म्यातून काही धड दिसेना. म्हणजे दोन महिने पेपर नाही, पुस्तक नाही. माणूस आजारी नव्हता, तब्येत ठणठणीत होती, आवाजही तसाच होता, नुसती अक्षरं दिसत नव्हती. अशा माणसाला घरात सांभाळणं किती अवघड असतं ते ज्यानं सांभाळलंय त्यालाच माहीत.

मी पेपर वाचून दाखवायला लागले. अग्रलेख मी घाईनं वाचते, निधनवार्ता हसत वाचते आणि "ण"चा "न" करते, असे तीन आक्षेप पहिल्याच आठवड्यात निघाले. पेपर दहाला संपायचा. पुढं दिवसभर मामा हॉलमधल्या दिवाणावर काळा चष्मा लावून बसायचे आणि आवाजावरून सगळ्यांच्या चुका काढायचे. मी कांदा चिरतेय तो जाड चिरला जातोय, हे त्यांना सुरीच्या आवाजावरून कळायचं.

एका दुपारी मी हॉलमध्ये बसून खेळत होते. त्यांना झोप लागलीय असं मला वाटलं होतं. वाचताना माझे ओठ हलतात, थोडा आवाजही होतो. त्यांनी विचारलं, काय वाचतेस. मी म्हणाले, गोष्ट आहे. ते म्हणाले, "मग मोठ्यानं वाच. मला काय कान नाहीत?"

मी माझी दिवाणगिरी बाजूला ठेवली आणि त्यांच्यासाठी नवा डाव सुरू केला. त्यात खेळणारा एका लहान राज्याचा तरुण राजा असतो, बाप नुकताच गेलेला असतो, दरबारात सगळे टपून बसलेले असतात. मी वाचलं. परिच्छेदाच्या शेवटी प्रश्न होता, आता तुम्ही काय कराल? मी चार पर्याय वाचले. मामा ताठ बसले. निवृत्त झाल्यापासून त्यांनी न विचारता खूप सांगितलं होतं, पण तुम्ही काय कराल असं त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. हे मला नंतर सुचलेलं आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं की त्यांनी काळा चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"कोषाध्यक्षाला निलंबित करा," ते म्हणाले.

निलंबनाचा पर्याय नव्हता. तुरुंगात टाका असा होता. मी तो दाबला.

खेळाचं मराठी कुठल्या तरी यंत्रानं केलेलं होतं. सुरुवातच अशी होती की, तुमचे वडील, महान राजा, काल कालबाह्य झाले. मामांनी मला थांबवलं. कालबाह्य औषध होतं, महाराज दिवंगत होतात, असं ते म्हणाले आणि पुढं दर वेळी ते वाक्य दुरुस्त करूनच वाचायचं असा नियम झाला. दरबाराला त्यात न्यायालय म्हटलं होतं. सामान्य नावाचा एक माणूस सारखा राजाला भेटायला यायचा. आम्ही त्याला कुणी गरीब शेतकरी समजून तीन दिवस दारातून परत पाठवला. पुढं लढाईत तो घोड्यावर बसून शत्रूच्या बाजूनं आला तेव्हा मला उलगडा झाला की तो आमचा सेनापती होता, जनरलचं यंत्रानं सामान्य करून टाकलं होतं. आणि ऐन लढाईत पर्याय आले, तलवार रेखाटा किंवा पळ काढा.

"युद्ध पेटलंय आणि हा चित्र काढत बसणार?" मामा म्हणाले. "पळ काढ."

राजा पळताना मेला. "तुम्ही मृत आहात. पुन्हा प्रयत्न करू इच्छिता?" असं आलं. मामांनी हा अपमान मानला. माझं काही चुकलेलं नाही, मग मी पुन्हा प्रयत्न का करायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि खेळ बनवणाऱ्यांना पत्र सांगितलं. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. पत्रात भाषेच्या चौदा चुका क्रमवार होत्या. मी ते सगळं ॲपच्या अभिप्रायाच्या चौकटीत टाइप केलं. तासाभरानं यंत्राचंच उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे. ते त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि आत्यांना बोलावून चौथ्यांदा.

त्यानंतर दुपारी दोन ते चार हा आमचा राज्यकारभाराचा वेळ ठरला. पाणी यायच्या दिवशी राज्याला सुट्टी.

मामा राजा म्हणून कसे होते हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. ते नाही म्हणायचे. शेतकरी सारा माफ करा म्हणून आले, नाही. शेजारचा राजा तह करू म्हणाला, नाही. वैद्य म्हणाला की शहरात साथ आहे, वेशी बंद करा. मामा म्हणाले, हा घाबरट आहे, याची बदली करा. राणी, म्हणजे या तरुण राजाची बायको, म्हणाली की मला दरबारात बसू द्या, मला हिशेबातलं आणि सरहद्दीवरचं कळतं. मामांनी प्रश्न संपायच्या आत नाही म्हटलं. पर्याय ऐकायचीही गरज त्यांना वाटायची नाही. एका दुपारी तर राज्य चहा उकळायच्या आत बुडालं. विषानं मेले, बंडात मेले, साथीत मेले, एकदा त्यांनीच बदली केलेल्या वैद्यानं उपचार नाकारले म्हणून मेले. दर वेळी चूक राज्याची असायची. लोक नालायक आहेत, असं ते म्हणायचे आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, तुमचे वडील, महान राजा, काल दिवंगत झाले.

अकराव्यांदा दिवंगत झाले तेव्हा मला कंटाळा आला.

पहिल्यांदा मी लबाडी केली ती निव्वळ कंटाळ्यानं. चार पर्याय होते, त्यातले दोनच वाचले. सारा अर्धा माफ करा, किंवा हप्त्यानं घ्या. नकाराचा पर्याय मी गिळला. मामा वाट बघत राहिले.

"नाही म्हणायचं नाही का त्यात?"

"नाही."

"कसला राजा मग हा," ते म्हणाले आणि बराच वेळ विचार करून हप्त्यानं घ्यायला तयार झाले. शेतकऱ्यांनी जयजयकार केला. यंत्राच्या मराठीत त्यांनी राजाचं अभिनंदन पार पाडलं, पण अर्थ पोचला. मामांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते म्हणाले, "पुढं वाच."

मग मी थांबलेच नाही. तहाचा प्रश्न आला तर मी वाचायची, तह आज करा किंवा उद्या करा. वैद्याचा आला तर वेशी आतून बंद करा किंवा बाहेरून बंद करा. राणीचा प्रश्न आला तेव्हा माझा आवाज जरा चिरकला. पहिला पर्याय मी जसा होता तसा वाचला, राणीला दरबारात बसू द्या. दुसरा मी स्वतः रचला, राणीला एका किल्ल्याची पूर्ण जबाबदारी द्या. मामा दाढी खाजवत बसले. किल्ला म्हणजे फारच झालं, असं म्हणून त्यांनी तिला दरबारात बसू दिलं, तेही तात्पुरतं. खेळात तात्पुरतं असं काही नव्हतं. ती बसली ती बसलीच आणि राज्याची भरभराट सुरू झाली.

एम. ए.ला असताना माझ्या एका निबंधाला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. त्यानंतर मी जे काही पहिल्यांदा मनापासून रचलं ते हे खोटे पर्याय होते. मला त्याची लाज वाटायला हवी होती. पण मला त्यात गोडी लागली, हे खरं सांगते. एक माणूस समोर बसलाय, त्याला वाटतंय की आपण ठरवतोय आणि ठरवतेय मी. ही सत्ता दिवाणगिरीपेक्षा भारी होती, कारण इथं समोरचा माणूस खरा होता.

मामा बदलले असं कुणाला वाटायला नको. ते राज्याबाहेर तसेच होते, कांदा जाडच होता. फरक एवढाच की आता ते पाहुण्यांना राज्याबद्दल सांगायचे. फुलंब्रीहून त्यांचे एक जुने सहकारी शिक्षक भेटायला आले, त्यांना मामांनी तासभर समजावलं की प्रजेचं ऐकून घेणारा राजाच टिकतो. ते गृहस्थ मान हलवत होते. त्यांनी मामांच्या हाताखाली बारा वर्षं नोकरी केली होती आणि त्यांची एकदा मे महिन्यात आडगावी बदली मामांनीच लावली होती, हे मला आत्यांनी नंतर सांगितलं. ते दोन कप चहा प्यायले आणि गेले.

आत्या रोज तिथंच असायच्या, कोपऱ्यात मेथी निवडत नाहीतर लसूण सोलत. त्या जेमतेम चौथी शिकलेल्या, बोलणं मोजकं. एका दुपारी मामा झोपल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"त्येंला नाय म्हणायचं ठिवलंच नाय व्हय तू?"

मी ओटा पुसायला लागले.

"चाळीस वर्सं झाली मला," त्या म्हणाल्या. "इतकं व्हय म्हणताना ह्या माणसाला म्या बघितलं नाय. तवाच वळखलं."

मला वाटलं आता मामांना सांगतील. त्यांनी लसणाची टोपली खाली ठेवली आणि हळूच विचारलं की त्यांच्या बहिणीकडं पैठणला जायचं आहे, ते असंच वाचून दाखवता येईल का. बहीण पैठणला राहते, शहरातून तासा-दीड तासाची वाट, आणि लग्नानंतर आत्या तिच्याकडं कधी मुक्कामाला राहिल्या नव्हत्या. सकाळी जायचं, संध्याकाळच्या बसनं परत. कारण विचारलं की मामा म्हणायचे, घर कोण बघणार? घर मी बघतच होते.

दुसऱ्या दिवशी राज्यकारभार आटोपल्यावर मी त्याच आवाजात म्हणाले, "मामा, आत्यांनी पैठणला मंगळवारी जावं की बुधवारी?"

"बुधवारी," ते म्हणाले. "मंगळवारी बसला गर्दी असते."

"आठ दिवस राहावं की दहा?"

"दहा कशाला, आठ पुरेत."

आत्या बुधवारी पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसल्या होत्या आणि त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्या दहा दिवस राहिल्या. आठव्या दिवशी बहिणीच्या फोनवरून मला विचारलं, लई रागावलेत का. मी म्हणाले, नाही, त्यांचं सध्या उत्तरेकडं युद्ध चाललंय.

त्याच दिवसांत माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला. औरंगपुऱ्यात एक प्रकाशक आहेत, शाळेची पुस्तकं आणि गाइडं छापतात, त्यांना प्रुफं तपासायला माणूस हवा होता. दिवसा यायचं, संध्याकाळी सुटायचं. मी तिला कळवते म्हणाले. कळवायचं म्हणजे घरात विचारायचं. वाक्य माझ्याकडं तयार होतं, मामा, मी दहा ते पाच जावं की अकरा ते सहा? चार दुपारी मी ते वाक्य तोंडापर्यंत आणलं. मला माझा होकार चोरून नको होता, असं मी हल्ली सांगते. खरं म्हणजे हिंमत झाली नाही. दुसऱ्यासाठी लबाडी करताना माझा आवाज नीट निघायचा, स्वतःसाठी करायची म्हटलं की मी पुढचं पान वाचायला घ्यायची.

आत्या पैठणहून आल्या, मामांच्या दोन्ही डोळ्यांचं सगळं नीट पार पडलं आणि चष्म्याचा दिवस आला. शहागंजात एक जुनं चष्म्याचं दुकान आहे, मामांना तिथलाच चष्मा लागतो. मी त्यांना रिक्षानं घेऊन गेले. दुकानदारानं नवा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला, दांड्या वाकवून कानामागं बसवल्या आणि भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. मामांनी तो खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला.

"दूर का तो हो गया मास्टरसाब," दुकानदार म्हणाला. "अब नजदीक का देखो. मोबाइल में कुछ भी पढो."

मामांकडं साधा फोन होता. त्यांनी माझ्यापुढं हात केला. माझा फोन पर्समध्ये होता आणि खेळ उघडाच होता, कारण आदल्या दिवशी चार वाजता पाहुणे आले म्हणून आम्ही मध्येच थांबलो होतो. फोनची बॅटरी संपलीय असं म्हणता आलं असतं. मला ते घरी आल्यावर सुचलं. मी फोन दिला.

त्यांनी तो थोडा लांब धरला, मग जवळ आणला. परिच्छेद वाचला, ओठ हलवत, अगदी माझ्यासारखे. मग खालचे पर्याय वाचले. मला आठवतात. विनंती मान्य करा. विनंती अंशतः मान्य करा. सल्ला घ्या. विनंती नाकारा. त्या खेळात बोटानं वर सरकवलं की मागची सगळी पानं दिसायची. मामांनी सरकवलं. पुन्हा सरकवलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं आली, पंखा फिरत होता, मामा मागं मागं जात राहिले, राणीच्या दरबारापर्यंत, मग तिच्याही मागं.

"साफ दिख रा ना?" दुकानदारानं विचारलं.

"दिसतंय," मामा म्हणाले. "सगळं दिसतंय."

घरी आल्यावर त्यांनी पाणी घेतलं, दिवाणावर बसले आणि मला बोलावलं. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"प्रत्येक ठिकाणी नाही होतं," ते म्हणाले. "तू मला दोनच वाचून दाखवलेस. मला दिसत नव्हतं म्हणून."

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांचे डोळे नव्या काचांमागं मोठे आणि ओले दिसत होते, थेंब घातल्यानं असतील. मला खरोखर वाईट वाटलं. आणि वाईट वाटत असतानाच तोंडातून जे निघालं ते थांबवता आलं नाही.

"मला तरी तुम्ही दोनच वाचून दाखवले होते, मामा. मला तर दिसत होतं."

कुठल्या गोष्टीबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढून घडी केला, डबीत ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. आत्या आत गेल्या. मी कुकर लावायला गेले.

त्या संध्याकाळी नवरा आला, त्यानं घरातली शांतता पाहिली आणि मला विचारलं काय झालं. मी सांगितलं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मग दादा काय म्हणाले?"

मामा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण पाचव्या दिवशी आत्यांकरवी निरोप आला की तो खेळ नवऱ्याच्या जुन्या फोनवर टाकून पाहिजे. मी टाकून दिला. आता ते स्वतः वाचायचे आणि स्वतः ठरवायचे. मला स्वयंपाकघरात त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. त्यांनी राणीला दरबारातून घालवलं. सारा दुप्पट केला. तह मोडला. राज्य दीड दिवसात गेलं. त्यांनी पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा तेच केलं. आतून "छ्या" असा आवाज आला की आत्या माझ्याकडं बघून म्हणायच्या, मेले वाटतं. चौथ्या राज्यानंतर त्यांनी आत्यांना सांगितलं की मूळ खेळ चांगला आहे, भाषांतरात घोळ आहे.

त्या आठवड्यात मी मैत्रिणीला फोन केला आणि औरंगपुऱ्याला जाऊन प्रकाशकांना भेटून आले. त्यांनी एक पान तपासायला दिलं, मी त्यात एकोणीस चुका काढल्या. ते म्हणाले सोमवारपासून या. रविवारी सकाळी सातचा चहा देताना मी मामांना म्हणाले की उद्यापासून मी कामाला जाणार आहे, दहाला निघेन, सहापर्यंत येईन, भाजी सकाळीच करून ठेवेन.

त्यांनी कप खाली ठेवला. "विचारायची पद्धत राहिली नाही या घरात."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "नाही म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

मी त्यांच्याकडं सरळ बघत होते, आता त्यांना सगळं नीट दिसत होतं. ते म्हणाले की डाव्या डोळ्यात दुपारचे थेंब अजून पंधरा दिवस घालायचे आहेत, ते कोण घालणार. आत्या आतून म्हणाल्या, "म्या घालीन. मला काय दिसत नाय व्हय?"

नवऱ्याला मी रात्रीच सांगितलं होतं. तो दादांना विचार म्हणाला होता.

याला आता दोन वर्षं होतील. घराचं वाटोळं झालेलं नाही. भाजी कधी कधी आळणी होते आणि मामा ते सांगतात. पाहुण्यांना ते आता असं सांगतात की आम्ही सुनेला नोकरीची मोकळीक दिली आहे. मी आतून ऐकते. दुरुस्त करायला जात नाही, दिवसभर दुसऱ्यांच्या चुकाच दुरुस्त करत असते.

औरंगपुऱ्यातलं ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आहेत, खाली वह्या-पुस्तकांची दुकानं, दिवसभर हॉर्न. आम्ही पाच जण आहोत, बाई मी एकटीच. पहिल्या दिवशी मी टेबलावर लाल पेन, पट्टी, शब्दकोश असं सगळं मांडून बसले होते, तेव्हा प्रकाशक आतून आले. वयानं मामांएवढेच, बोलणं गोड. ते म्हणाले, "बरं झालं ताई, तुम्ही आलात. आजपासून चहाचं इथंच बघू. तुम्हाला येतो ना चांगला करता?"

मी म्हणाले, "नाही येत."

चहा करता न येणारी पस्तिशीची बाई त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिली असावी. पण त्यांनी मान हलवली आणि आत गेले. तेव्हापासून रोज तीन वाजता खालच्या टपरीवरून पाच कट येतात. चहा चांगला असतो, साखर तेवढी जास्त असते.